अमरत्वाचा विहित नमुना

भंडाऱ्याच्या कोणत्याही वॉर्डात शंभर पावले चाला, एक काळा दगड भेटतोच. कमरेएवढा विटांचा चौथरा, त्याला पांढऱ्या टाइल्स, त्यातल्या दोन निखळलेल्या, मधोमध ग्रॅनाइट आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत नावे. वरच्या दोन कोपऱ्यांना गंजलेले खिळे असतात. अनावरणाचा पडदा त्यांनाच अडकवला होता. पडदा त्याच संध्याकाळी कोणीतरी पिशवी शिवायला नेला, खिळे अजून जागेवर आहेत. खालच्या अंगाला तंबाखूच्या खर्र्याची पिचकारी. ती इतकी जुनी असते की आता मजकुराचाच भाग वाटते.

दगडावरची नावे वाचायला थोडा अभ्यास लागतो. सर्वांत वर ‘मा. ना.’ म्हणजे मंत्री. त्याखाली ‘मा. खा.’ आणि ‘मा. आ.’. यातला ‘मा.’ माननीयचा की माजीचा, हे दगड सांगत नाही आणि तेच बरे. साहेब निवडणूक हरले तरी अक्षरे बदलावी लागत नाहीत. जनतेच्या पैशाची इतकी दूरदृष्टीने घेतलेली काळजी सहसा पाहायला मिळत नाही. मग ‘प्रमुख अतिथी’, ‘प्रमुख उपस्थिती’, ‘विशेष उपस्थिती’ अशा पायऱ्या लागतात. प्रमुख उपस्थिती मोठी की विशेष उपस्थिती, यावरून पक्ष फुटू शकतो. शेवटी जागा उरलीच तर बारीक अक्षरांत काम लिहितात: सिमेंट काँक्रीट नाली बांधकाम. दगड रस्त्यावरून दिसतो, नाली शोधावी लागते.

रस्त्याकडेला नाव कोरून घ्यायची ही हौस एकट्या भंडाऱ्याची नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला हॉलिवूड बुलेव्हार्ड नावाचा रस्ता आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या फुटपाथवर गुलाबी तारे बसवले आहेत आणि प्रत्येक ताऱ्यात एक नाव आहे. ‘वॉक ऑफ फेम’ म्हणतात त्याला. १९५३ साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सच्या, म्हणजे व्यापारी मंडळाच्या, डोक्यातून ही कल्पना निघाली. १९६० च्या मार्च महिन्यात दिग्दर्शक स्टॅनले क्रेमर यांचा पहिला कायमचा तारा बसला. आज तिथे २,७०० हून जास्त तारे आहेत. म्हैसूरकडच्या माहुताचा मुलगा साबू, जो १९३७ च्या ‘एलिफंट बॉय’ या चित्रपटाने जगभर गाजला, त्याचाही तारा १९६० सालीच लागला. ताऱ्याची कड पितळेची आणि त्यातली अक्षरेही पितळेची.

हे कळल्यावर भंडाऱ्याच्या माणसाची छाती फुगणारच. आमचे गाव पितळी भांड्यांचे. घागर, गुंडी, गंज, जे म्हणाल ते इथल्या कारागिरांनी ठोकून दिले आहे. पण एवढ्या पितळेत आम्ही आजवर एकाही माणसाचा तारा केला नाही. फक्त पाणी भरले.

आता मुख्य प्रश्न. हॉलिवूडमध्ये तारा मिळतो कसा? लोकांना वाटते, नट मोठा झाला की सरकार रात्री येऊन गुपचूप तारा बसवून जात असेल. तसे नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो. विहित नमुन्यात. अर्ज कोणीही करू शकतो, अगदी साधा चाहतासुद्धा, पण ज्याच्या नावाचा अर्ज त्याची लेखी संमती हवी आणि समारंभाला हजर राहण्याची तयारीही हवी. वर्षाला दोनशे-तीनशे अर्ज येतात, समिती बसते, तीसेक नावे निवडते. निवड झाली की पैसे. ही रक्कम आता पाऊण लाख डॉलरच्या वर गेली आहे, म्हणजे आपले साठ लाखांहून जास्त रुपये. अर्जाची फी वेगळी. पैसे बहुधा चित्रपट कंपनी भरते किंवा चाहते वर्गणी काढतात. ताऱ्याचे पितळ पहिल्यापासूनच उघडे असते. व्यापारी मंडळ आकडा स्वतःच सांगून टाकते आणि वर हेही सांगते की या पैशातून तारा बनतो, समारंभ होतो आणि देखभाल चालते.

हे मी आमच्या चौकातल्या पानठेल्यावर समजावून सांगितले. खर्रा घोटता घोटता ठेलेवाले काका म्हणाले, “म्हंजे पैसे भरून राहिले अन् सत्कार करून घेऊन राहिले. मंग त्यात नवं का हाय जी?”

नवे एवढेच की तिकडे पावती मिळते.

मुंबईनेही हा प्रयोग करून पाहिला. २०१२ साली वांद्र्याच्या बँडस्टँडवर हॉलिवूडच्याच धर्तीवर ताऱ्यांची वाट तयार झाली, राज कपूर, देव आनंद अशांचे पुतळे बसले. हे सरकारने केले नव्हते, रसिकांनी वर्गणी काढूनही केले नव्हते. एका दूरचित्रवाणी वाहिनीने केले होते. सन्मान कोणाचाही असो, त्यामागे जाहिरातीचे बजेट उभे असतेच.

आपल्याकडची रीत अधिक सभ्य आहे. आपण अर्ज करत नाही, ‘मागणी जोर धरते’. नगर परिषदेच्या सभेची विषयपत्रिका निघते, तीत पाणी, दिवाबत्ती, घनकचरा. शेवटी एक ओळ असते: ऐनवेळी येणारे विषय. चौकांची नावे या ऐनवेळच्या दारातूनच आत येतात. सूचक एक, अनुमोदक दुसरा, ठराव सर्वानुमते मंजूर. एकमत इतक्या झटपट होते की घनकचऱ्यालाही हेवा वाटावा. नंतर कमान, मग फलक, मग फलकाखाली ज्यांच्या ‘सौजन्याने’ फलक लागला त्यांचे नाव. कधी कधी सौजन्याचे अक्षर सन्मानापेक्षा मोठे असते, तेव्हा चौक नेमका कोणाचा हे परक्याला कळत नाही.

पुतळ्याचे मात्र इतके सोपे नाही. महाराष्ट्रात पुतळा उभारायचा तर शासनाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. जागा कोणाची याचे कागद लागतात. पोलिसांचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. मातीचे मॉडेल कला संचालनालयाला दाखवून पसंत करून घ्यावे लागते. मग जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. त्यातच सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी सांगून ठेवले आहे की सार्वजनिक रस्ते, फुटपाथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर पुतळे उभारायला राज्यांनी परवानगी देऊ नये. म्हणजे हॉलिवूडमध्ये जिथे सन्मान मिळतो, तिथे आपल्याकडे मनाई आहे.

एवढे सगळे पार पडून पुतळा उभा राहिला तरी काम संपत नाही. आता ‘तारीख’ मिळवायची. तारीख म्हणजे मंत्र्यांची. हॉलिवूडमध्ये ज्याचा तारा त्याने हजर राहायचे असते. आपल्याकडे ज्यांचा पुतळा ते केव्हाच गेलेले असतात, म्हणून हजेरीची अट मंत्र्यांना लागू होते. तारीख मिळेपर्यंत पुतळा कापडात गुंडाळलेला. पहिला पाऊस त्या कापडावर पडतो, दुसरा पडतो, कापडाचा रंग बदलतो. येणारे-जाणारे उंचीवरून आणि खांद्यांवरून आत कोण आहेत याचा अंदाज करतात. हातात काठी असली तर गांधीजी, घोडा असला तर शिवाजी महाराज, आणि बोट वर केलेले कापडातूनही कळते, ते बाबासाहेब.

बाबासाहेबांचे नाव निघाले म्हणून भंडाऱ्याला स्वतःविषयीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. राखीव जागेवर उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, देशाचे पहिले कायदामंत्री. भंडाऱ्याने त्यांना पाडले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. आता जिल्ह्यात फिरा. गावागावांत निळ्या कोटातला पुतळा आहे. कितीतरी ठिकाणी तो लोकवर्गणीतून उभा राहिलेला, दहा-दहा रुपये गोळा करून. १४ एप्रिलला तिथे उभे राहायला जागा नसते. जिंकलेले खासदार कोण, हे मात्र स्पर्धा परीक्षेच्या पोरांखेरीज कोणी सांगत नाही. मतमोजणीचा निकाल एका दिवसात लागतो. दगडाचा निकाल लागायला वीस-तीस वर्षे जातात, आणि तिथे अनामत रक्कम जप्त झालेले पुष्कळ मान्यवर असतात.

हा दगडाचा खेळ आमच्या जिल्ह्यात हॉलिवूडच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा जमिनीखालून दोन हजारांहून अधिक वर्षे जुना बौद्ध स्तूप निघाला. भोवतीच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत नावे कोरलेली आहेत. कोणाची? ज्यांनी दान दिले त्यांची. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ते बुद्ध स्वतः शिल्पात माणसाच्या रूपात कुठेच नाहीत. एके ठिकाणी फणा काढलेला मुचलिंद नाग आहे आणि त्याच्या खाली रिकामे आसन.

आजच्या फ्लेक्सवाल्यांनी एकदा पवनीला जाऊन यावे. दाते तेव्हाही स्वतःचे नाव लिहून घेत होते, ती हौस जुनीच. पण फोटो कोणी लावत नव्हते. आज थोर पुरुषाच्या जयंतीचा फ्लेक्स लागतो तेव्हा थोर पुरुष वरच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढे, आणि खाली शुभेच्छुक मोबाइल कानाला लावून पूर्ण उंचीत. त्यात एक ‘भावी नगरसेवक’ असतो. मागच्या तीन-चार निवडणुका तो भावीच आहे. दात्याचे नाव आणि सत्पुरुषासाठी रिकामी जागा, ही पवनीची पद्धत होती. आपण ती रिकामी जागाही भरून टाकली.

पवनीलाच आणखी दोन दगड मिळाले. एकावर पावले कोरली आहेत आणि भार कुळातल्या भगदत्त राजाचे नाव आहे. दुसरा छायास्तंभ, म्हणजे स्मारकाचा खांब, महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याच्या नावाचा. हॉलिवूडमध्ये एका जुन्या चित्रपटगृहासमोर नटनट्यांनी ओल्या सिमेंटात पावले उमटवलीत, त्याचे जगाला केवढे कौतुक. आमच्याकडे त्याच्या कित्येक शतके आधी ते दगडात झालेले आहे. पण या राजपुत्राला काय म्हणून स्मारक मिळाले हे विचारायला कोणी उरलेले नाही. इतिहासाच्या अभ्यासकांना नाव ठाऊक आहे, काम नाही. आजच्या कोनशिलेवरच्या विशेष उपस्थितीवाल्यांनी यातून धीर घ्यावा. दोन हजार वर्षांनी तेही याच दर्जाला पोचणार आहेत.

कोनशिलेचा खरा कस पाहायचा तर मात्र गोसेखुर्दला जावे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. तेव्हाचा अंदाजित खर्च ३७२ कोटी. वैनगंगेवरचे धरण उभे राहायला आणि त्यात पाणी अडायला पुढची वीस वर्षे गेली, खर्चाचा आकडा हजारो कोटींत गेला, कालव्यांची कामे त्यानंतरही रेंगाळली. गावे उठली, माणसे पुनर्वसनात गेली, त्यांची नातवंडे शाळेत जाऊ लागली. एकच गोष्ट पहिल्या दिवशी वेळेत पूर्ण झाली होती, ती म्हणजे नाव कोरलेला दगड. सरकारी कामात दगड नेहमी वेळेवर येतो. उशीर फक्त पाण्याला होतो.

अधूनमधून मात्र हे सारे दगड एका झटक्यात गप्प होतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पालिकेची माणसे खळ आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन निघतात आणि प्रत्येक कोनशिलेवर कागद चिकटवतात. कागद पातळ, खळ ओली, त्यातून पिवळी अक्षरे दिसतातच. गंमत अशी की एरवी त्या दगडाकडे ढुंकूनही न बघणारा माणूस आता थांबतो, मान तिरकी करतो आणि कागदाखालून कोण डोकावते ते वाचतो. दगड वाचला जातो तो झाकल्यावरच. प्रसिद्धीचा याहून स्वस्त मार्ग कोणत्याही जाहिरात कंपनीला सुचलेला नाही.

आता समजा, उद्या भंडाऱ्यातही हॉलिवूडसारखे तारे बसवायचे ठरले. पहिली अडचण पायांची. मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांनी आपला तारा जमिनीवर बसवायला नकार दिला. पैगंबरांचे नाव आपल्या नावात आहे, ते लोकांच्या पायदळी नको, असे त्यांचे म्हणणे. म्हणून २००२ साली त्यांचा एकट्याचा तारा भिंतीवर लागला. आमच्याकडे तर वहीला पाय लागला तरी माणूस वाकून बोटे कपाळाला लावतो. गांधी चौकात वीस तारे बसवा, दर पावलाला वाकणाऱ्यांची रांग लागेल आणि मागून स्कूटी येऊन धडकेल. म्हणजे सगळेच तारे भिंतीवर घ्यावे लागणार. भिंतींवर आधीच मूळव्याधीचे डॉक्टर आणि बोअरवेलवाले आहेत. त्यांची परवानगी कोण काढणार?

दुसरी अडचण नावांची. तारा द्यायचा कोणाला? आमच्या जिल्ह्याचे खरे तारे झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याच्या, नाटकांचे. दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, भरू लागते, आणि मंडई म्हटली की दंडार हे लोकनाट्य आले, नाटक आले. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, असेल तिथेही नाटक. रात्री दहाला पडदा वर जातो, पहाटे खाली येतो. थंडीत घोंगडी पांघरून बसलेला प्रेक्षक त्या नटासाठी रडतो, त्याच्यावर बक्षिसे उधळतो. सकाळी तोच नट डोळे चोळत दुसऱ्या गावच्या गाडीत चढतो. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना घरच्यासारखा आनंद झाला. पण पद्म पुरस्कारासाठीही कोणीतरी नाव पाठवावे लागते. आता स्वतःचे नाव स्वतः पाठवायचीही सोय आहे. रात्रभर दुसऱ्याचे संवाद बोलणारा माणूस सकाळी स्वतःची शिफारस लिहायला बसेल, अशी अपेक्षा आपण कशी करावी?

लोकांचे मात्र कोणावाचून अडत नाही. त्यांनी आपली नावे कधीच ठेवून टाकली आहेत. भंडाऱ्यात ऑटोवाल्याला सरकारी नाव सांगून पाहा. तो विचारात पडतो. मुस्लिम लायब्ररी चौक म्हणा, गाडी सुरू झालीच समजा. पोस्ट ऑफिस चौक, जिल्हा परिषद चौक, खांब तलाव, सगळे तसेच. एका वाचनालयाच्या नावाने गावाचा चौक ओळखला जातो, यासाठी कोणी ठराव मांडला नव्हता की फलकाचे सौजन्य कोणी घेतले नव्हते. लोक तिथे जात होते, एवढेच कारण. माझ्या मते सन्मानाची कसोटी ऑटोवाल्याइतकी चोख दुसऱ्या कोणाकडे नाही. तो फी घेतो ती फक्त अंतराची.

आणि एक तारा तर कोनशिलेवरच असतो, आपले लक्ष जात नाही. मघाची बारीक अक्षरांतली ओळ पुन्हा नीट वाचा. कामाचे नाव असे असते: श्री. अमुक यांच्या घरापासून ते श्री. तमुक यांच्या घरापर्यंत सिमेंट रस्ता. वरच्या नावांत कोणी तिकिटासाठी झगडलेला असतो, कोणी निधीसाठी, कोणी फक्त उपस्थितीसाठी. हे अमुक आणि तमुक कशासाठीच झगडलेले नाहीत. त्यांनी अर्ज केला नाही, फी भरली नाही, समारंभाला पांढरा सदरा घातला नाही. रस्त्याच्या दोन टोकांना राहिले, एवढ्यावर त्यांना ग्रॅनाइट मिळाले. सरकार बदलले तरी त्यांचे नाव बदलावे लागत नाही. जगातल्या कोणत्याही फुटपाथवर इतका निर्मळ सन्मान दुसरा नसेल, आणि बहुतेक वेळा त्यांनी स्वतः तो वाचलेलाही नसतो, कारण दगडासमोर त्यांच्याच शेजाऱ्याने मोटारसायकल लावलेली असते.

तेव्हा ज्यांच्या हातात ठराव, निधी आणि नारळ आहेत, त्यांच्यासाठी दोन सूचना करून मी थांबतो. एक, हॉलिवूडसारखे दरपत्रक लावा, सर्वांना दिसेल असे. मा. ना. ची ओळ अमुक रुपये, प्रमुख उपस्थिती तमुक, विशेष उपस्थितीला थोडी सूट, भावी असल्यास दुप्पट. आलेल्या पैशांतून नाल्यांवर झाकणे टाका. दोन, तारे बसवायचेच असतील तर खुशाल बसवा, पितळ आमच्याकडे आहे आणि ते घडवणारे हातही आहेत. पण तारा फुटपाथवर बसतो, एवढे ध्यानात घ्या, आणि आधी फुटपाथ करा.